न संपणारी बाटली

त्या वर्षी माझा चेहरा हा आमच्या घरातला सार्वजनिक विषय होता. येणारी प्रत्येक बाई माझ्या मुरमांकडे बघून एक उपाय सुचवायची आणि चहा पिऊन निघून जायची. शेवटी वैतागून मी नाशिकच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रात्री लावायची जेल लिहून दिली आणि बजावलं, "हे औषध त्वचा नाजूक करतं. बाकी सगळं साधं ठेवा. सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. लिंबू, बेसन, हळद, काहीही नाही."

मला ते फार आवडलं. आईला मुळीच नाही. शहराच्या कडेला आमचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे. "एवढी फुलं पिकवतो आपण, आन् तू त्या बाटलीतलं थापती," ती म्हणाली. मी मॉइश्चरायझरची बाटली मोरीतल्या फळीवर ठेवली आणि आईच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं.

सुरुवातीला चेहऱ्याची सालं निघाली. मग जेल एक रात्र सोडून लावायला लागले, आधी मॉइश्चरायझर, वर जेल, आणि चेहरा खरंच निवळला. मी खुशीत होते. पण थोड्याच दिवसांत आग व्हायला लागली, आणि तीही सकाळी, मॉइश्चरायझर लावल्या लावल्या. पापण्या सुजायच्या. मी जेल बंद केली आणि बिचाऱ्या त्वचेला आराम म्हणून मॉइश्चरायझर दुप्पट लावलं. आग वाढली. आरशासमोर जायची मला भीती वाटायला लागली. आपल्या चेहऱ्यावर काहीतरी बसलंय आणि ते आपल्याला दिसत नाही, असं वाटायचं.

बाटली मात्र संपत नव्हती. एवढं थापूनही ती पुरतेय याचं मला कौतुकच होतं. एका सकाळी हातावर घेतलं तर ते पाण्यासारखं ओघळलं. मी वास घेतला. गुलाबाचा होता.

आई ओट्यापाशी होती, वडील चहा पीत बसले होते. मी बाटली दोघांच्या मध्ये आपटली.

"मीच घातलं गुलाबपाणी," आई शांतपणे म्हणाली. "दुकानातलं नाय, घरचं. बाजारात न चालणाऱ्या फुलांचं."

वडिलांनी कप खाली ठेवला. "कुठल्या फुलांचं?"

"त्या कडेच्या ओळीतल्या. रोज तिथलीच राहत्यात."

कडेच्या ओळीवर लाल कोळी ही कीड पडते म्हणून विषारी औषधाची सगळ्यात जास्त फवारणी तिथेच व्हायची. फवारून आले की वडील अंगणातच अंघोळ करत. त्यांचे कपडे वेगळ्या टबात, आणि त्या टबाला मी हात लावला की लहानपणापासून आईच माझ्यावर ओरडायची. ती स्वतः हातमोजे घालून ते धुवायची. पण तिच्या लेखी कपडे वेगळे आणि फूल वेगळं. फूल तर आम्ही देवाला वाहतो.

"धुतली होती मी फुलं," ती म्हणाली.

मी खूप बोलले तिला. नको ते बोलले. माझा चेहरा जाळलास, असंही म्हणाले. ती चिडली नाही, फक्त दुखावली. "तुझं वाईट व्हावं म्हणून घातलं का? आधी मी सोता वापरलं. मला काय झालं नाय. दोन वर्षं झाली, रोज सकाळी डोळ्यात टाकते. लय गार वाटतं."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. हल्ली ती तांदूळ निवडायला ताट घेऊन दारात, उजेडात बसायची. आम्ही दोघंही तिला हसायचो, चष्मा लागला म्हणायचो. चष्मा झाला होता. तोही बदलून झाला होता.

"अगं, डोळ्यात?" वडील एवढंच म्हणाले.

आईने हात पुसले, जवळ आली, माझी हनुवटी धरून माझा चेहरा खिडकीकडे वळवला. माझे दोन्ही गाल डोळ्यांपासून जबड्यापर्यंत लालभडक झाले होते. तिने डोळे बारीक करून नीट निरखून बघितलं आणि समाधानाने हसली.

"बघ तरी," ती म्हणाली, "किती साफ झालाय."