धुराच्या डब्याची गाठ

लढाई पेटली त्या सालची गोष्ट. चार बुकं शिकलो, पाचवं हातात धरलं नाही. पण सुंभाची गाठ मारावी ती मीच, हे आमच्या बंदरावर कोणीही सांगितलं असतं. सरकारी आरमाराच्या एका लहान बोटीवर मी खलाशी होतो. आमचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, केळशीचा, वयाने मोठा, कमी बोलणारा.

बोटीच्या मागल्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक धुराचा डबा असे, पिंपासारखा. शत्रू दिसला की तो पेटवून पाण्यात ढकलायचा. तो तरंगत धूर सोडतो, आपण धुराआड निसटतो. हुकूम असा, की डबा एका झटक्यात सुटेल अशा फासाने बांधावा. मला ते पटेना. वादळात बाप मचव्यावरची पिंपं जशी आवळायचा तसेच मी दोन्ही डबे आवळले: काथ्याचं सुंभ, तीन वेढे, वर पाणी मारून.

तांडेल बघून म्हणाला, "जावई पळेल म्हणून बांधलायस काय मेल्या? फास मार."

"माझी गाठ आपोआप सुटली तर मिशी उतरवीन," मी म्हटलं. तो पुढे गेल्यावर मी गाठ तशीच ठेवली नि वरून एक दिखाऊ फास मारला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, मिऱ्याचा डोंगर समोर दिसत असताना, बोट लाटेवर आपटली आणि उजवीकडचा डबा पेटला. कशाने, ते मला आजवर कळलेलं नाही. पांढरा धूर घशात काट्यासारखा रुतला. तांडेल म्हणाला, ढकल. मी फास ओढला, तो नुसताच हातात आला. डबा जागचा हलला नाही.

तांडेलाने सुरी काढली. मी म्हटलं, "थांबा, माझी गाठ आहे, मीच सोडतो."

हे मी बोललो. त्या धुरात.

त्याने मला लाथेने बाजूला केलं, चाचपत एकेक वेढा कापला. सुंभ जळून काळं झालं होतं, पीळ मात्र तसाच. मग तापलेला डबा त्याने दोन्ही तळव्यांनी ढकलला. मी पडलो होतो तिथेच होतो. डबा पाण्यात गेला, तळव्यांची कातडी त्याला चिकटून गेली.

बंदराला लागल्यावर, हातांना फडकी गुंडाळलेला तो डावीकडच्या डब्यापाशी येऊन बसला. रागावलेला नव्हता.

"आता धूर नाही, घाई नाही. सोड."

नखं मोडली. दात लावले. ऊन उतरलं तरी गाठ सुटली नाही. पैज माझीच खरी झाली. तांडेलाला तांब्या धरता येत नव्हता, पाणी मी पाजलं.