फ्रिजच्या हँडलवरचे हातमोजे

दादाचा फोन आला तेव्हा मी भुईगावला आमच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होते. "गेली गं ती," एवढंच म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवला. पलीकडून पंख्याची घरघर येत राहिली... वहिनीला जाऊन आता दीड महिना होईल. माणूस जाणार हे ठाऊक असलं की धक्का कमी बसतो, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आचोळ्याच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये लोकर विणणारी ती एकटीच. मे महिन्याच्या घामातसुद्धा मांडीवर लोकरीचा गुंडा. बायका हसायच्या, मीही चिडवायचे, "काय वहिनी, नालासोपाऱ्यात बर्फ पडणार वाटतं?" सुया न थांबवता ती म्हणायची, "तुमच्या भावाच्या नशिबी रोज पडतो, वन्सं." आम्ही एका वयाच्या, तरी मला मुद्दाम वन्सं म्हणायची. दादा मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. बाहेर अंगाची लाही लाही आणि आत हाडं गोठवणारी थंडी. तिथे मिळणाऱ्या पातळ हातमोज्यांनी काही भागत नसे. दादाची बोटं काळीनिळी पडायची, घरी आल्यावर भाकरी मोडतानाही वाकायची नाहीत. म्हणून त्यांच्यावरून चढवायला वहिनी लोकरीचे विणायची. अंगठा वेगळा, बाकीची बोटं एकत्र, म्हणजे एकमेकांच्या उबेत राहतात. रंग दोन हवेतच, मरून आणि पांढरा. नक्षीत एका रंगाचा टाका घालताना दुसरा धागा आतून सोबत येतो, कापड दुहेरी होतं. मात्र तो आतला धागा सैल सोडायचा. ओढला गेला की मोजा आक्रसतो, हात आत जात नाही. मला शिकवताना तिनं कितीदा तरी उसवायला लावलं. माझा स्वभावच ओढून धरण्याचा, त्याला ती तरी काय करणार.

मग तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. औषध सुरू झालं आणि एक भलतंच मागे लागलं. गार वस्तूला हात लागला की झटका बसल्यासारखी कळवळायची. स्टीलचा पेला, नळाचं पाणी, फ्रिज... डॉक्टर म्हणाले, या औषधानं होतं तसं, गारव्यापासून जपा. दादानं आपले हातमोजे काढून फ्रिजच्या हँडलला अडकवले. "काहीही काढायचं तर आधी हे घालायचे." भर उन्हाळ्यात ती बाई लोकरीचे मोजे घालून कोथिंबीर काढायची. एकदा ते हात मांडीवर ठेवून म्हणाली, "इतकी वर्षं विणत होते, पण ह्यांचे हात असे दुखत असतील हे आत्ता कळलं मला." मी उठून चहा टाकायला गेले.

दादाला आता कामावर त्या पातळ मोज्यांवरून घालायला काही उरलं नव्हतं. तो म्हणायचा, चालतंय. तिला चालत नव्हतं. नवा जोड झाल्याशिवाय मी जायची नाही, असं स्पष्टच बोलायची. धातूच्या सुया धरवेनात, तेव्हा बांबूच्या मागवल्या. पण बोटं बधिर झालेली, धागा किती ओढला जातोय ते तिला कळत नव्हतं. जोड पुरा झाला त्या दिवशी मी तिथेच होते. दादानं हात घातला आणि तो अर्ध्यावर अडकला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यानं मला नजरेनंच अडवलं. बोटं मुडपून त्यानं तो कसाबसा रेटला. "मस्त बसतात," म्हणाला. तिनं त्याचं मनगट चाचपलं. तिच्या बोटांना काहीच उमगलं नाही. किती दिवसांनी तिचा चेहरा निवळला होता. दादा तो जोड डब्यासोबत पिशवीत घालून रोज नेत राहिला, आणि उघड्याच म्हणाव्यात अशा हातांनी मासळीचे क्रेट उचलत राहिला. तिच्यासाठी वाईट वाटायचंच, पण ते बघून मला देवाचा राग आला. अजून आहे.

परवा गेले होते आचोळ्याला. दादाची बोटं पुन्हा काळी पडलीत, एका नखाखाली रक्त साकळलंय. जुने, सैल हातमोजे अजून फ्रिजच्या हँडललाच आहेत. मी ते काढले आणि त्याच्या कामाच्या पिशवीत कोंबले.

"असू दे गं तिथेच," तो म्हणाला. "तिला लागतात ते."

मी ते पुन्हा हँडलला अडकवले.