घोड्याची पहिली ओढ

आमचा वर्धा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि केळझरजवळच्या आमच्या शेतातली ज्वारी रानडुकरं फस्त करत होती. घरात दोन्ही गोष्टींवर सारख्याच तावातावानं बोलणं चाले. शेवटी पलटणीतून परतलेल्या चुलतसासऱ्यांनी एक जुनी फौजी बंदूक मिळवून दिली आणि परवाना आमच्या यांच्या नावावर झाला. हे शाळामास्तर, सेवाग्रामला शिकलेले, रोज सूत कातणारे. बंदूक घेताना चेहरा असा करत, की जणू कुणी ओलं झालेलं तान्हं मूल हातात दिलंय.

त्या बंदुकीचा घोडा, म्हणजे बोटानं ओढायचा खटका, दोन टप्प्यांत यायचा. पहिली ओढ मोकळी. मग बोटाला अडसर लागायचा, आणि त्यापुढे जोर दिला की बार. चुलतसासऱ्यांनी बजावलं होतं, "पहिल्या ओढीले थांबजो. नीट पाह्यजो. मंगच दुसरी." बंदूक जुनाट, त्यामुळे पहिली ओढ करकरायची. हे संध्याकाळी रिकामी बंदूक पाण्याच्या पितळी गुंडावर रोखून सराव करत. चुलीपाशी मला ऐकू यायचं, कर्र, आणि थोड्या वेळानं खट.

"त्या गुंडानं तुमचं काय घोडं मारलंय?" मी विचारायची. हे हसत आणि पुन्हा कर्र करत.

एके दिवशी हे शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दबा धरून बसले असताना घरी वासरू सुटलं आणि थेट ज्वारीत शिरलं. कुणाकडून निरोप धाडावा, वाट पाहावी, हा माझा स्वभावच नाही. पदर खोचला आणि मागच्या अंगानं आत घुसले. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, दिवस मावळत आलेला. दावं हाती लागलं तेव्हा मी वाकलेली होते. वासरू हिसके देत होतं, हातातल्या बांगड्या वाजत होत्या, धाटं कडाकडा मोडत होती. तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला.

कर्र.

हे कुठे बसलेत, नळी कुठे रोखलीय, काहीच दिसेना. पुढचा आवाज कोणता, ते मात्र पाठ होतं. 'अहो' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं यांचं नाव. लग्नानंतर कधीही न उच्चारलेलं, आणि तेही पोराला हाकारावं तसं, एकेरी.

खट झालं नाही.

वासरासकट बाहेर आले तर हे तसेच बसलेले, पांढरेफटक.

"बोट सोडा," मी म्हटलं.

"सुटून नाई राह्यलं."

मी नळी आभाळाकडे उचलली आणि यांचं बोट हलक्या हातानं पुढे सरकवलं. घोडा करकरत जागेवर आला. काडतूस काढून घेतलं आणि मग माझं डोकं फिरलं. "डुकराच्या हातात बांगड्या वाजतात का?" मी ओरडले. घरापर्यंत वासराचं दावं यांनीच धरलं.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझी हाक गावभर गेली होती.

"नवऱ्याचं नाव घेतलं? काऊन वो? त्याचं आयुष्य कमी होते, समजत नाई तुले?"

हे आईसमोर कधी ब्र काढत नसत. बंदूक भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "माह्यं कमी झालं तं होऊ दे, माय. हिचं वाचलं."