अठरा सेकंदांचा फॅक्स

फॅक्स म्हणजे काय, हे हल्ली मला नातीला समजावून सांगावं लागतं. फोनच्या तारेतून कागद जायचा म्हटल्यावर तिने विचारलं, अख्खा कागद? मी म्हटलं, नाही गं, कागद इथेच राहायचा, त्यावर लिहिलेलं जायचं. यंत्र कागदावरून उजेडाची एक रेघ फिरवायचं, कुठे काळं आहे आणि कुठे पांढरं ते बघायचं आणि पलीकडच्या यंत्राला कळवायचं. ते यंत्र जसंच्या तसं आपल्या कागदावर उमटवायचं. नात म्हणाली, मग फोटो काढून का नाही पाठवायचे?

या यंत्रावर मी दहा-बारा वर्षं पोट भरलं आहे. आम्ही गिरगावातून वाशीला राहायला आलो आणि दोन-तीन वर्षांतच नवऱ्याच्या कारखान्याचं काही खरं राहिलं नाही. तेव्हा मी तुर्भ्याला मार्केटसमोर एक छोटा गाळा भाड्याने घेतला. बाहेर पिवळी पाटी लावली: एसटीडी, पीसीओ, झेरॉक्स, फॅक्स. फोन आणि झेरॉक्स त्या रस्त्यावर आणखी चारजणांकडे होतं. फॅक्स फक्त माझ्याकडे. कांदा-बटाट्याचे व्यापारी सकाळी भाव पाठवायला माझ्याकडे रांग लावायचे आणि मला 'मॅडम' म्हणायचे. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

कामाची माझी एक पद्धत होती. निळ्या शाईने लिहिलेला कागद मी घ्यायचेच नाही, कारण निळी शाई पलीकडे फिकट उठते. गिऱ्हाइकाला काळं पेन देऊन पुन्हा लिहायला लावायचे. मग नंबर फिरवायचा, पलीकडून यंत्राची शिट्टी आली की बटण दाबायचं. कागद आत ओढला जायचा आणि शेवटी यंत्रातून एक चिठ्ठी बाहेर यायची. तिच्यावर तारीख, वेळ, पलीकडचा नंबर, किती पानं गेली, किती सेकंद लागले आणि शेवटी 'ओके'. त्या चिठ्ठीवर मी दुकानाचा शिक्का मारून ती मूळ कागदाला टाचून द्यायचे. हमाल, ट्रकवाले, व्यापारी, सगळे ती चिठ्ठी पोस्टाच्या पावतीसारखी जपून ठेवायचे. मॅडमच्या शिक्क्याची चिठ्ठी म्हणजे काम झालं, असा त्या रस्त्यावर समज होता. तो समज मीच मेहनतीने करून दिला होता.

एका पावसाळ्यात माझं यंत्र बिघडलं. दुरुस्तीवाला तळवलीचा होता, आगरी, हाताचा मोठा कसबी. माझं यंत्र घेऊन जाताना तो आठवड्यापुरतं स्वतःकडचं दुसरं ठेवून गेला. जाताना त्याने बजावलं, "ताई, यान कागद सुलटा घालाचा, अक्षरा वरती. तुमचे मशीनचा उलटा हाय." माझ्या यंत्रात अक्षरं खाली करून कागद घालावा लागायचा, याच्यात वर. मी म्हटलं, बरं, लक्षात आहे. आणि ते लक्षात होतंही. तीन दिवस मी एकही कागद चुकवला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एक माथाडी कामगार मुलीला घेऊन आला. साताऱ्याकडचा माणूस, मार्केटमध्ये गोणी वाहायचा आणि तिथल्याच वस्तीत राहायचा. मुलगी बारावी झालेली, मोठ्या डोळ्यांची, फारसं न बोलणारी. गावाकडच्या एका कॉलेजात नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी तिचा नंबर लागला होता. पण पत्र गावच्या पत्त्यावर गेलं, तिथून कोणीतरी येताना घेऊन आलं आणि त्यांच्या हातात पडलं ते अगदी शेवटच्या दिवशी. मला जागा हवी आहे, असं मुलीच्या सहीचं पत्र त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजात पोचायला हवं होतं. फॅक्स चालेल, असं पत्रात छापलेलंच होतं. नाही पोचलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

मुलीने पत्र घरूनच लिहून आणलं होतं, निळ्या पेनने. मी माझी नेहमीची शिस्त दाखवली आणि काळं पेन पुढे केलं. तिने काउंटरवर ओणवं होऊन, एकही खाडाखोड न करता, पत्र पुन्हा लिहिलं. तिचं अक्षर सुंदर आहे, असं मी तिला म्हणालेही. तिचे वडील बाजूला उभे होते. काउंटरला हात लावला तर डाग पडेल, अशी भीती त्यांना वाटत असावी.

तेवढ्यात दोन व्यापारी आले आणि दोघांनाही घाई होती. मी एकाशी बोलत बोलत नंबर फिरवला, शिट्टी ऐकली, कागद घातला. हाताला वर्षानुवर्षांची सवय होती. हाताने आपल्या सवयीने अक्षरं खाली केली आणि कागद आत सारला. यंत्राने कागदाची मागची कोरी बाजू वाचली आणि ती इमानदारीने पलीकडे पाठवली. चिठ्ठी आली, 'ओके' होतं. मी शिक्का मारला, टाचणी लावली आणि मुलीला म्हटलं, जा, आता नर्स होऊनच ये.

दोन दिवसांनी वडील एकटेच आले. कॉलेजला फोन लावल्यावर त्यांना कळलं होतं की तिकडे कोरा कागद आला. वरच्या कडेला माझ्या दुकानाचा नंबर आणि वेळ एवढंच छापलं होतं, खाली काही नाही. मात्र तिथल्या मुख्य बाई चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं की कागद वेळेत आला आहे हे तर दिसतंच आहे. पाठवणाऱ्या दुकानाकडून चूक झाली असेल तर दुकानदाराकडून तसं लिहून आणा, मी वर विचारून मुलीला घेते. चार दिवस जागा तशीच ठेवते.

त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. मी वाचली. वेळ लागला होता अठरा सेकंद. हाताने लिहिलेलं भरगच्च पान जायला त्या यंत्राला मिनिटभर तरी लागायचं. कोऱ्या कागदावर वाचायला काही नसतं, तो झटकन जातो. हे त्यांना कळणं शक्य नव्हतं, कॉलेजातल्या बाईंनाही नाही. त्या अख्ख्या रस्त्यावर ती चिठ्ठी वाचता येणारी मी एकटी होते.

"काय खरं आसंल ते लिवा, ताई," ते म्हणाले.

दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती. त्यातला एक व्यापारी, रोज माझ्याकडून भाव पाठवणारा, हसून म्हणाला की मॅडमच्या मशीनमधून कोरा कागद जाणं शक्यच नाही, पलीकडचंच मशीन बिघडलं असणार. सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त दोन ओळी लिहायच्या होत्या. कागद माझ्या हातून उलटा गेला, मुलीचा काही दोष नाही. माझं काय जाणार होतं? फार तर तो व्यापारी चार ठिकाणी बोलला असता आणि महिनाभर लोकांनी माझी थट्टा केली असती. पण मी त्या रस्त्यावरची मॅडम होते. लोकांना निळं पेन आणि काळं पेन शिकवणारी.

मी दुकानाच्या छापील कागदावर लिहिलं की सदर पत्र आमच्या यंत्रावरून व्यवस्थित पाठवण्यात आले असून सोबत अहवाल जोडला आहे, दोष घेणाऱ्या यंत्रात असावा. खाली सही केली, शिक्का मारला. झेरॉक्सही काढून दिली.

त्यांनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. 'आमच्या यंत्रावरून व्यवस्थित' हे शब्द ऐकून त्यांना धीर आला. एवढी शिकलेली बाई आपल्या बाजूने ठामपणे लिहून देते आहे, असं त्यांना वाटलं. त्याच दिवशी खाडा करून ते एसटीने निघाले.

पंधरा दिवसांनी ते झेरॉक्स काढायला आले तेव्हा मीच विचारलं. बाईंनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि तो परत दिला होता. त्या म्हणाल्या होत्या, चूक दुकानाची आहे असं लिहून आणाल तर घेते म्हटलं होतं, तुम्ही तर आमचंच यंत्र खराब आहे असं लिहून आणलंत, त्याच दिवशीचे बाकीच्या मुलींचे कागद बरे नीट आले. वडील तिथे चिडले होते. माझा शिक्का दाखवून बाईंशी भांडले होते, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या साहेबाच्या टेबलासमोर आवाज चढवला होता. त्यानंतर त्यांना कोण उभं करणार? जागा पुढच्या मुलीला गेली. "तुमी तर लिवून दिलं हुतं, ताई," ते म्हणाले. "त्यांनीच न्हाई मानलं." मी त्यांना चहा मागवला. त्या चहाची आजही मला लाज वाटते.

त्या चिठ्ठीची यंत्रातूनच काढलेली दुसरी प्रत मी माझ्या फाइलला लावून ठेवली होती, का ते सांगता येणार नाही. फॅक्सचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापला जायचा आणि काही वर्षांत आपोआप पुसला जायचा. दुकान बंद करताना फाइल उघडली तेव्हा त्या प्रतीवर काहीही उरलेलं नव्हतं. माझ्याविरुद्धचा एकुलता एक पुरावा गेला होता. मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आम्ही आता करंजाडेला राहतो. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडून माझं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर घरी आणल्यावर मुलाने नर्सिंग ब्युरोतून दिवसपाळीसाठी एक बाई ठेवली, पंचेचाळिशीची. असली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण हिचा हात वेगळाच होता. कूस बदलताना मला कधी दुखलं नाही. पायावरची सूज आमच्या कोणाच्या आधी तिने ओळखली. रोज पोटात एक इंजेक्शन असायचं. त्यासाठी हॉस्पिटलची सिस्टर यायची, विशीतली, आणि पहिल्या दिवशी तिने सुई दोनदा टोचली. मी हिला म्हटलं, तूच का देत नाहीस, तुला येतं की. ती म्हणाली, "येतं, काकू. पण आमाला अलाऊड नाय. त्याला शिक्षण लागतं."

तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही. महिनाभराने एका रविवारी दुपारी तिचे वडील तिला काहीतरी द्यायला आले. काठी टेकत, हळूहळू. सोफ्यावर बसले, माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, तुर्भ्याला फॅक्सचं दुकान होतं त्या ताई ना? मी हो म्हटलं. मग मीही त्यांना ओळखलं, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. ते मात्र खूश होऊन मुलीला सांगायला लागले, अगं याच त्या, सगळं जग उलटलं तेव्हा आपल्या बाजूने लिहून देणाऱ्या.

मी मध्येच बोलले. इतकी वर्षं मनात शंभरदा म्हटलेलं वाक्य होतं. "कागद मी उलटा घातला होता. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी खोटं लिहून दिलं."

वडिलांनी हात हलवला. "आसं नगा म्हनू, ताई. तुमी व्हता म्हनून तर आमी तितं जाऊन बोललो." मी मोठेपणाने दोष अंगावर घेते आहे, असंच त्यांना वाटलं. ते पुन्हा मार्केटच्या गोष्टी सांगायला लागले.

मुलीला मात्र समजलं होतं. ती माझ्या पलंगापाशी उभी होती, धुतलेल्या चादरीची घडी हातात तशीच. वडिलांना पाणी आणून दिलं, मग माझ्याजवळ येऊन खाली वाकली आणि त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "तवा तसं लिहून दिलं असतं, तर मला घेतलं असतं?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. नसतं घेतलं, असं म्हणणं सोपं होतं, आणि कदाचित दयेचंही.

"घेतलं असतं," मी म्हटलं.

या वेळी मी खरं तेच सांगितलं. आता त्याचा तिला काहीही उपयोग नव्हता.