एकाच नावाच्या मुली

सासरे गेल्यावर सासूबाई ॲन आर्बरला आमच्याकडे राहायला आल्या. त्या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या, समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी त्या अमेरिकेत आल्या. माझा नवरा जन्मला तो इथेच, त्यांचा एकुलता एक. मी त्यांना 'आई' म्हणायचे. हा शब्द त्यांना आवडायचा.

पहिल्या हिवाळ्यात बर्फामुळे त्यांचं बाहेर पडणं बंद झालं. एका रविवारी त्या म्हणाल्या, "तू सारखी कॉम्प्युटरवर असतेस ना? मग माझी माणसं शोधून दे."

त्यांची माणसं म्हणजे इंग्लंडहून जहाजाने आफ्रिकेत गेलेला एक सुतार आणि त्याची बायको, त्यांच्या आईकडचे पूर्वज. तीन मुलं घेऊन दोघं निघाले आणि सगळे सुखरूप पोचले, एवढंच घरात सांगत आले होते. मला माझ्या पणजीचं नावसुद्धा ठाऊक नाही, त्यामुळे या शोधाचं मला नवल वाटायचं. पण दर रविवारी जेवण आटोपलं की आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसायला लागलो.

बऱ्याच रविवारांनी त्या जहाजाची प्रवासी-यादी सापडली. सुतार होता, बायको होती. मुलं मात्र तीन नव्हती, चार होती. चौथी तान्ही मुलगी. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'समुद्रात मृत्यू'.

तिचं नाव आणि सासूबाईंचं नाव एकच होतं.

पुढच्या नोंदींत दिसलं, आफ्रिकेत पोचल्यावर त्या बाईला पुन्हा मुलगी झाली आणि तिलाही तेच नाव ठेवलं. पुढे प्रत्येक पिढीत ते एका तरी मुलीला मिळत गेलं. ते मुळात कुणाचं, हे सांगायचं मात्र सगळ्यांनी टाळलं.

सासूबाईंनी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. मी चहा करू का विचारलं, तर त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"माझ्या मुलीचंही हेच नाव होतं," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. "कुठली मुलगी, आई?"

"पहिली. वर्षाचीही नव्हती. तापाचं निमित्त झालं. तिला तिथे पुरलं आणि पुढच्या वर्षी आम्ही इकडे आलो."

"तुमच्या मुलाला माहीत आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तो झाला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, त्याच्यापुढे रडायचं नाही. मग ते राहूनच गेलं."

त्याच संध्याकाळी जेवताना त्यांनी स्वतःच मुलाला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला, जॅकेट चढवलं आणि बाहेर जाऊन ड्राइव्हवेवरचं बर्फ काढत बसला. बर्फ सकाळीच काढून झालं होतं. आत आल्यावर तो आईशेजारी बसला आणि म्हणाला, "आपण जाऊ तिथे."

त्याने त्या गावच्या चर्चला विचारून बघितलं. उत्तर लवकर आलं. रस्ता रुंद करताना दफनभूमीचा तो कोपरा गेला होता. लहान मुलांच्या कबरी तिथेच होत्या.

हे मीच त्यांना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "मी तिथे असते तर निदान विचारायला तरी कुणी आलं असतं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर लॅपटॉप उघडू का म्हटलं की त्या, "नको गं, राहू दे," म्हणायच्या.

पुढच्या शिशिरात त्या गेल्या. त्यांच्या कबरीवरच्या दगडावर काय कोरायचं ते माझ्या नवऱ्याने ठरवलं. दगड करणाऱ्या माणसाचा फोन मी घेतला.

"मॅडम, एकच नाव दोनदा आलंय. एक काढून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "दोघीजणी आहेत."

दगड बसवला त्या दिवशी घरी परतताना नवरा गाडी चालवत होता. त्याने विचारलं, "ती दिसायला कशी होती, तुला काही बोलली होती का आई?"

मी विचारलंच नव्हतं. आणि आता तिला पाहिलेलं कुणीच उरलेलं नाही.