ओळ उचलणाऱ्या बायका

शरफुन्निसाची माझी ओळख गाण्यामुळे झाली नाही, माशांमुळे झाली. मी चिपळूणची, रियाधच्या सरकारी इस्पितळात नर्स, एकटी राहणारी. ती श्रीवर्धनकडची, बत्ह्याच्या बाजारामागे आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर. ड्यूटीवरून येताना तिच्या दारातून कालवणाचा वास आला की माझे पाय आपोआप अडायचे. "ये गो सुधाबाय, हात धू," एवढंच ती म्हणायची आणि पुढ्यात ताट यायचं.

तिचा नवरा गफूर बत्ह्यातल्या एका कॅसेटच्या दुकानात काउंटरवर असायचा. दुकानाचा मालकच त्याचा कफील, म्हणजे त्याचा पासपोर्ट, इकामा हा तिथे राहायचा परवाना, सगळं मालकाच्या हातात. बोलण्यात गफूर मोठा गोड. प्रत्येक वाक्याआधी दोनदा घसा खाकरायचा आणि मग असं काही बोलायचा की समोरचा पाघळलाच पाहिजे. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, पण मला विचारतंय कोण!

कोकणातल्या मुसलमान घरांतली लग्नं तिकडे रियाधमध्येही व्हायची. पडद्याच्या एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. हळदीला बायका गायच्या. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. ओळ टाकायची ती शरफुन्निसानेच, हे ठरलेलं. गाण्यात नवरीचं नाव गुंफायचं, त्यामुळे तेच गाणं दर लग्नात नवं व्हायचं. उचलणाऱ्यांत पुढे असायची फकरुद्दीनची बायको हफीजा, नाकातून गाणारी आणि शेवटचा शब्द ताणता ताणता दुसऱ्या गावाला नेणारी. सगळ्यात मागे मी. मला ओळ कधी वेळेवर सापडलीच नाही. सगळ्या थांबल्या की माझा एकटीचा आवाज यायचा. "सुधाबाय, तुझी बस चुकली," शरफुन्निसा म्हणायची आणि लगेच माझी नक्कल करून दाखवायची. नकला म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. हफीजाची करायची, शेजारच्या म्हातारीची करायची, गफूरच्या खाकरण्याची तर अशी करायची की आम्ही पोट धरून हसायचो.

एक नियम मात्र तिचा पक्का होता. खोलीत टेपरेकॉर्डर दिसला की तिचं तोंड बंद. "माझं गाणं ह्या भिंतीच्या आतलं," ती म्हणायची. "परक्या पुरुषानं टॅक्सीत बसून ऐकायसाठी नाय."

मग इराकने कुवेत गिळलं आणि रियाधमधल्या बायका-पोरं भराभर कोकणात परतू लागली. हफीजा गेली, बाकीच्याही गेल्या. मला इस्पितळाने सोडलं नाही. शरफुन्निसाला गफूर म्हणाला, "काही होत नाही, पोरीचं लग्न आलंय, तेव्हाच जाऊ." त्यांची मुलगी फरहाना गावी आजीकडे वाढलेली. तिचं लग्न रमजानच्या आधी ठरलं होतं. जानेवारीत लढाईच सुरू झाली, रियाधची विमानं बंद झाली, जेद्दापर्यंत एकटीने जायची सोय नव्हती आणि ही आई रियाधमध्ये अडकली.

त्या दिवसांत आमच्याकडे पत्रांपेक्षा कॅसेट जास्त फिरायच्या. जेद्दाहून कुणी येणारा-जाणारा भेटला की त्याच्या हाती द्यायच्या. फरहानाची कॅसेट आली. पोरगी रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "अम्मी, तू येणार नाहीस ते समजलं. पण माझ्या हळदीला ओळ कोण टाकणार?"

ती कॅसेट शरफुन्निसाने पुन्हा पुन्हा लावली. मग तिने स्वतःचा नियम मोडायचं ठरवलं. गफूरला समोर बसवून तिने वदवून घेतलं. मी तिथेच कांदे चिरत होते. गफूरने दोनदा घसा खाकरला आणि म्हणाला, "अल्लाची कसम, शरफू, ही कॅसेट बायकांच्या खोलीच्या बाहेर जाणार नाही."

दुकानातून तो एक मशीन घेऊन आला. एकाच कॅसेटवर चार वेगळे आवाज बसवता येतील असं. एक आवाज भरायचा, तो कानाला लावून ऐकता ऐकता दुसरा भरायचा, मग तिसरा. तीन भरले की तिन्ही मिळून चौथ्या पट्टीवर ओतायचे, म्हणजे पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या. जागाही आयती तयार होती. विषारी वायूच्या हल्ल्याच्या भीतीने प्रत्येकाने घरातली एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केली होती. त्या खोलीच्या भिंतींना तिने गाद्या टेकवल्या, दारावर रजया टांगल्या आणि दुपारी गायला बसली.

ओळ टाकून झाली, पण उचलायला कुणीच नव्हतं. तिने स्वतःच उचलली, एकदा, दोनदा, तीनदा, नेमक्या त्याच जागी, त्याच सुरात. ऐकलं तर बायकांचा घोळका नाहीच. एकच शरफुन्निसा, फक्त जाडी झालेली! मला हसू आलं, तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती खुशीत होती. "मी चुकत नव्हते, म्हणून बिघडलं," म्हणाली. "सगळ्या जणी एकदम कदी लागतात गो?" मग तिने एकेक बाई त्या खोलीत आणली. हफीजा म्हणून नाकातून गायली, माइकला चिकटून. शेजारची म्हातारी म्हणून गालात सुपारी धरून गायली, भिंतीकडे तोंड करून. कोवळ्या पोरींसाठी गफूरने टेपचा वेग किंचित कमी केला. मग टेप नेहमीच्या वेगाने लावली की तिचाच आवाज बारीक, पोरकट होऊन यायचा. मध्येच भोंगा वाजला की सगळं थांबायचं. कुणी आधी लागायची, कुणी श्वास घ्यायला थांबायची. मी इस्पितळात जखमींना पट्ट्या बांधत होते तेव्हा ती इकडे माझा आवाज गात होती, शेवटी एकटाच उरणारा, बस चुकलेला.

हळद दळली गो आमच्या अंगणी, फरहानाच्या हाती लागली.

मी ते पहिल्यांदा ऐकलं. सगळ्या जणी परत आल्या होत्या.

कॅसेट गेली, लग्नाआधी पोहोचली, हळदीच्या खोलीत वाजली. फरहाना तिथे मात्र रडली, असं कळलं. शरफुन्निसाला मी इतकी समाधानी कधी पाहिली नव्हती.

लढाई संपली, ईद झाली, बायका परत येऊ लागल्या. आणि एका शुक्रवारी दुपारी हफीजाने सगळ्यांना घरी बोलावलं. चहा नाही, बसा नाही. मधे टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. वर कुठल्यातरी अनोळखी नवरीचं चित्र, खाली छापलेलं, "कोकणी शादी, बारा औरतों की आवाज में". फकरुद्दीनला ती टॅक्सीत ऐकू आली होती. ड्रायव्हर मान डोलवत होता आणि फकरुद्दीनला स्पष्ट ऐकू येत होती त्याची स्वतःची बायको, नाकातून, शेवटचा शब्द ताणत. तो बत्ह्यात उतरला आणि बघतो तर कॅसेट दुकानादुकानात.

"आमी तुज्यावर इसवास ठेवला," हफीजा म्हणाली. "आमचे आवाज चोरून टेप केलेस आणि बाजारात मांडलेस?"

शरफुन्निसाने कॅसेट उचलून उलटसुलट पाहिली. कॅसेट बाजारात आहे हे तिला तिथे, त्या क्षणी कळत होतं. मी पुढे सरसावले. म्हटलं, "अगं, नाव फरहानाचं आहे. तिच्या लग्नाच्या वेळी तुम्ही रियाधमध्ये तरी होतात का? मी इथे होते, आणि मी एक अक्षरही गायलेलं नाही. तरी शेवटी मीच आहे बघा!" पण रागावलेल्या माणसाला कॅलेंडर दाखवून काय उपयोग? एकटी बाई बारा जणींचं गाईल, हे कुणालाच पटेना.

पडद्यापलीकडे पुरुष बसले होते. शरफुन्निसा पडद्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ह्यांना विचारा. ह्यांच्यासमोर भरलीय. हेच सांगतील."

पलीकडून दोनदा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"बायकांच्या गोष्टी, मला काय माहीत," गफूर म्हणाला. "तिनेच दुकानात कुणाला दिली असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शरफुन्निसा पडद्याकडे बघतच राहिली. इकाम्याची मुदत लढाईच्या ऐन धामधुमीत वाढून आली होती, मालक अचानक मेहरबान झाला होता. त्याचं कारण तिला तेव्हा उमगलं. ती हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागितली असती तर मी दिली असती गो. इकाम्यासाठी दिली असती."

मग ती ताठ बसली आणि गायला लागली. टेपशिवाय, मशीनशिवाय, पडद्यापलीकडे पुरुष बसलेले असताना. नाकातून, शेवटचा शब्द ताणत.

"हफीजा, गप बस!" पलीकडून फकरुद्दीन ओरडला. "आता हितं पण गायची लाज नाय?"

हफीजा तोंडावर हात घेऊन बसली होती. तिच्या शेजारच्या बायका आधी तिच्याकडे, मग शरफुन्निसाकडे बघू लागल्या. शरफुन्निसा थांबली नाही. म्हातारीचं गायली, पोरींचं गायली, माझंही गायली. एकेक बाई त्या खोलीत निर्दोष सुटत होती.

शेवटी तिने दोनदा घसा खाकरला. आणि गफूरच्या आवाजात, त्याच गोडव्याने, पडद्याकडे बघून म्हणाली, "अल्लाची कसम, शरफू, ही कॅसेट बायकांच्या खोलीच्या बाहेर जाणार नाही."

हफीजाने उठून तिला मिठी मारली. माफी मागताना ती हुंदके देत होती, पण शरफुन्निसाचे डोळे कोरडेच होते. तिने अबाया चढवला आणि निघाली. मी तिच्यामागून गेले. गफूर पुरुषांत बसून राहिला.

त्यानंतर लवकरच ती लेकीला बघायला म्हणून गावी गेली आणि परतली नाही. फोन केला की सगळ्यांची चौकशी करते, फक्त त्याची नाही. तिकडे लग्नांना बोलावतात, जाते, मागे बसते, पण ओळ टाकत नाही म्हणे.

बऱ्याच दिवसांनी गफूर माझ्या दारात आला. वाळला होता. घसा खाकरला आणि म्हणाला, "सुधाताई, तुमचं ती ऐकते. एकदा सांगा ना तिला. घरात ती कॅसेट लावून बसतो मी. सगळ्या बायकांचे आवाज येतात, हिचा कुठला तेच ओळखू येत नाही."

"गफूरभाई," मी म्हटलं, "त्या दिवशी पडद्याआडून तिने ओळ टाकली होती. उचलायची तुम्ही एकट्यानेच होती."

आणि मी दार लावून घेतलं.