दुमडत्या छताची गाडी

आज घरच्या मिक्सरचं बटण उघडून त्यात स्विचमधली धूळ काढायचा स्प्रे मारला आणि त्या उग्र वासासरशी सिंदेवाहीतलं माझं जुनं गॅरेज आठवलं.

एका दुपारी चंद्रपूरचे एक ठेकेदार दुमडत्या छताची गाडी घेऊन आले. छत अर्ध्यात अडकलं होतं. शेजारी त्यांची बायको बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेली, आजारानं पार वाळलेली. छत उघडून, मोहाच्या फुलांच्या वासातून अहेरीला माहेरी जायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

सकाळपासून राबून माझी पाठ मोडून आली होती. छताची मोटर चांगली होती, फ्यूज शाबूत होता. टेस्टर लावून तारा तपासत डिकीतल्या एका छोट्या स्विचपाशी आलो. तिथून पुढे टेस्टरचा दिवा लागेना, करंट जात नव्हता.

"नवाच लागन," मी म्हटलं. "नागपूरवरून मागवा लागते."

"आज नाई होत का भाऊ?" तिनं विचारलं.

"नाई बाई."

"राहू द्या मंग. तुमीबी थकून गेले."

छत हातानं ओढून बंद करून दिलं.

महिन्याभरानं ठेकेदार एकटेच आले. नवा स्विच बसवला, तसं छत अलगद उघडलं. त्यांनी क्षणभर वर पाहिलं.

"बंद करा भाऊ," ते म्हणाले. "ती गेली."

ते निघून गेल्यावर मी जुना स्विच उघडला. आत नुसती धूळ होती. फुंकर मारून तपासला, तर टेस्टरचा दिवा लागला.

थकलेल्या माणसाकडून एवढं राहूनच जातं, असं तेव्हा मनाला समजावलं. आता गॅरेज बंद करून वर्षं झाली, दुपारभर पडूनच असतो, तरी ते पटत नाही. ठेकेदारांना मी हे कधी सांगितलं नाही.